सर्व्हरचा पोळा

शहाद्यात कुणाचा मोबाइल पाण्यात पडला, कुणाचा टीव्ही नुसताच गुरगुरायला लागला, कुणाच्या स्कूटीनं ऐन लग्नाच्या दिवशी रुसायचं ठरवलं, की लोक अमृतकडे येतात. अमृत वस्तू कानाला लावतो. स्कूटी असली तर कान स्कूटीला लावतो. मग डोळे मिटून घटकाभर ऐकतो आणि म्हणतो, "व्हई जाई." म्हणजे होऊन जाईल. मुलगी बघायला गेला तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "काय अमृतराव, पसंत आहे का?" तर तिथंही सवयीनं हेच निघालं तोंडून. आणि झालंही. बायको आजतागायत ते ऐकवते.

अमृत हा कळसाडीच्या दोधू पाटलांचा मुलगा. नऊ एकर काळी जमीन, अर्ध्यात कापूस, अर्ध्यात ऊस, आणि मधोमध विहीर. विहिरीवरची मोटार ही अमृतची पहिली शाळा. दहा वर्षांचा असताना तो पाइपाला कान लावून सांगायचा, "दादा, पाणी वर येतंय," नाहीतर "हवा ओढतेय." दोधूदादांना पोराचा अभिमान होता, पण तो त्यांनी पोराला कधी कळू दिला नाही, कारण तशी त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. पुढे अमृतनं आयटीआय केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका शिक्षण संस्थेच्या शहाद्यातल्या कचेरीत चिकटला. तिथं तो पगारपत्रकावर लिपिक आहे. बाकी सगळ्यांसाठी तो कॉम्प्युटरवाला.

संस्थेच्या खाली सपाटीवर चार शाळा आणि वर सातपुड्यात सहा आश्रमशाळा. वरच्या शाळांत टपाल महिन्यानं पोचायचं आणि फोन लागला तर लागला. चेअरमनसाहेबांना तेव्हा कुठल्याशा परिषदेत कळलं की मोठ्या संस्थांचा स्वतःचा ईमेल असतो, मागे स्वतःचं नाव लागतं. आल्या आल्या त्यांनी अमृतला बोलावलं. "आपलं स्वतःचं पोस्ट ऑफिस पाहिजे. फुकटातलं नको, आपल्या नावाचं." अमृत काय म्हणाला असेल हे आता सांगायला नको.

त्याला तेरा वर्षं झाली. चहाच्या खोलीला लागून एक कोठी आहे, त्यात अमृतनं स्वतः जोडलेला तो लोखंडी डबा ठेवला. सगळ्या शाळांची पत्रं त्या डब्यात येणार, तिथंच राहणार. आत दोन हार्ड डिस्क बसवल्या, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी गाडा ओढणार. बैलजोडी म्हटल्यावर नावं आलीच. वरच्या डिस्कचं नाव ढवळ्या, खालच्या डिस्कचं पवळ्या. अमृतनं मार्करनं तशी लिहूनही ठेवली.

आणि बैलजोडी म्हटल्यावर पोळाही आलाच. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दोधूदादा गोठ्यात बैलांचे खांदे चोळत, आणि इकडे अमृत कचेरीत सर्व्हरची धूळ झटके. पोळ्याच्या सकाळी तो सर्व्हर रीतसर बंद करी. वर्षभर राबलाय बिचारा, एक दिवस जू खाली नको? मग डब्याला हळदकुंकू, वर लोकरीचा गोंडा आणि समोर पुरणपोळीचा तुकडा. तो तुकडा संध्याकाळपर्यंत कचेरीची शिपाई शोभाबाई संपवायची, सर्व्हरला गोड सोसत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत बटण दाबी, डबा घुर्र करून उठे आणि सहाही आश्रमशाळांची अडलेली पत्रं भराभर येऊन पडत. बारा वर्षं हे असं चाललं. अमृत सगळ्यांना सांगे, "विसावा दिला की यंत्र टिकतं." लोक माना हलवत. कॉम्प्युटरवाला सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

यंदा पोळा शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी साडेनऊला अमृतनं गोंडा सोडला, बटण दाबलं, आणि डबा उठला नाही.

म्हणजे पंखा फिरला, दिवे लागले, पण पडद्यावर ओळ आली ती अशी, की डिस्क सापडत नाही. एक नाही, दोन्ही. अमृतनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. त्यानं झाकण काढलं, कान लावला. ढवळ्या गप्प, अगदी दगड. पवळ्यातून मात्र बारीक गुणगुण येत होती आणि मग टक, टक करून तीही थांबत होती.

"ढवळ्या कधी गेला?" अमृत स्वतःशीच म्हणाला. "गेला असता तर डबा बोंबलला असता. एक डिस्क गेली की भोंगा वाजतो याचा."

शोभाबाई दारात कपबशा पुसत उभी होती. ती वीस वर्षं या कचेरीत आहे आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असतं, फक्त ते विचारल्याशिवाय ती देत नाही.

"वाजे की," ती म्हणाली. "आखाजीपाइन वाजी ऱ्हायंतं. टीं टीं, टीं टीं. मन्हं डोकं उठाडी दिधं व्हतं."

"अक्षय तृतीयेपासून? मग?"

"मंग काय? तुम्ही लगनमा गयेल व्हतात. मी कापूस कोंबी दिधा त्यामा."

अमृतनं डब्याच्या जाळीआड बोट घातलं. भोंग्यावर कापसाचा मस्त गच्च बोळा बसला होता.

"कापूस कुठून आणलास?"

"तुमनाच खुर्चीनी उशीमाधला. कळसाडीना शे, चांगला शे."

स्वतःच्या शेतातल्या कापसानं आपल्याच सर्व्हरचं तोंड बंद झालं, यावर कुणाला रागवावं हे अमृतला ठरवता येईना. त्यात दोन्ही डिस्क त्यानं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतल्या होत्या. एकीचं वय झालं तर दुसरी काय तरणी राहणार होती? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण त्याला शाळेत पाठ होती. डिस्क विकत घेताना आठवली नव्हती.

तरीही अमृत घाबरला नाही. त्याचं कारण कपाटात होतं. एका बाहेरच्या डिस्कवर तो दर आठवड्याला पत्रांची नक्कल उतरवून ठेवी. त्यानं बाजारातून नवी डिस्क मागवली, डब्यात बसवली, सगळं नव्यानं मांडलं आणि नक्कल परत भरायला लावली. बाराच्या सुमारास पहिलं पत्र आलं. आश्रमशाळेला गहू पोचल्याचं कळवणारं. कचेरीत टाळ्या पडल्या. शोभाबाईनं न सांगता चहा आणला, त्यावरून मामला किती मोठा होता ते कळावं.

चहा पिताना अमृतनं सर्व्हरच्या स्वतःच्या नावाची पेटी उघडली. ती पेटी कुणीच कधी उघडत नाही. आत एकशे बारा पत्रं होती. रोज सकाळी सहा वाजता डब्यानं एक पत्र लिहिलं होतं, की साहेब, पहिली डिस्क गेली आहे, कृपया लक्ष द्यावे. भोंग्यात बोळा बसल्यावर बिचाऱ्यानं लेखी अर्ज सुरू केले होते. अमृतनं ते सगळे वाचलेले म्हणून खूण करून टाकले, जसे सगळ्या कचेऱ्यांत करतात.

ममता आली ती नेमकी तेव्हा.

ममता वसावे ही याच संस्थेच्या आश्रमशाळेत शिकलेली. नर्सिंग झालं, सरकारी दवाखान्यात निवड झाली. बरोबर तिची आई दिवलीबाई होती, खांद्यावर पिशवी, पायात प्लास्टिकची चप्पल, चेहऱ्यावर शहराबद्दल काहीही मत नाही.

"सर, नमस्कार. सुकराम सरांनी पाठवलं," ममता म्हणाली. "सोमवारी अकरा वाजता नंदुरबारला माझी जात पडताळणीची सुनावणी आहे. आजोबांच्या शाळेचा पुरावा मागितलाय. त्याचा फोटो सरांनी तुमच्याकडे ईमेलवर पाठवलेला आहे. दोन हजार सोळा साली."

अमृतच्या हातातला कप बशीवर टेकला.

त्याला सोळा साल चांगलं आठवत होतं. सुकराम हे नर्मदेकाठच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. मणिबेलीच्या बाजूला गावं धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा जुन्या शाळेची रजिस्टरं एका पत्र्याच्या पेटीतून डोंगरावर आली आणि फिरत फिरत सुकराम सरांच्या शाळेत पोचली. सरांनी एके दिवशी बसून पानापानाचे फोटो काढले, खाली उतरून नेटवर्कच्या दगडावर बसले आणि चाळीस ईमेल पाठवले. प्रत्येकात एकच ओळ, 'जपून ठेवावे.' तेव्हा अमृतनंच त्यांना फोनवर छेडलं होतं, "सर, हा सर्व्हर आहे की जिनिंगचं गोदाम? किती भरता?"

आणि बाहेरच्या डिस्कवर जागा कमी पडायला लागली तेव्हा नक्कल फक्त मागच्या दोन वर्षांचीच ठेवायची, हेही अमृतनंच ठरवलं होतं. सोळा सालच्या पत्राला कोण विचारतंय, असं म्हणून.

"मूळ रजिस्टर असेल ना सरांकडे?" त्यानं विचारलं.

"वाळवीनं खाल्लं. पुठ्ठा उरलाय."

"त्यांच्या फोनमध्ये?"

"तो फोन बोटीतून पाण्यात पडला, सर. चार वर्षं झाली."

सुकराम सरांची पेटीही याच सर्व्हरवर, म्हणजे त्यांनी पाठवलेल्याची प्रतही इथलीच. तीही गेली. या जगात गुलाबसिंग वसावे नावाचा मुलगा शाळेत गेल्याचा एकच पुरावा होता आणि तो पवळ्याच्या पोटात होता.

"आजोबा दीडच वर्ष गेले शाळेत," ममता म्हणाली. "पण नाव लावून गेले. जातीच्या रकान्यात जमात लिहिलेली आहे. मी लहान असताना सरांनी दाखवलं होतं मला ते पान. घरात दुसरा इतका जुना कागद नाही, सर. आमचं घरच पाण्यात गेलं, कागद कुठले?"

आज शनिवार. दुपारचा एक. अमृतनं तोंड उघडलं, पण ते नेहमीचे दोन शब्द आले नाहीत. शोभाबाईनं ते ओळखलं. ती पुढे झाली, खुर्ची ओढली. "बठ वं माय. चहा ले. भाऊ दखतीन."

भाऊ बघतील. भाऊंनी पवळ्या बाहेर काढला आणि टेबलावर ठेवून चारदा वीज जोडून पाहिली. गुणगुण, टक, टक, गप्प. पाचव्यांदा जोडायला त्याचा हात पुढे झाला आणि थांबला. उगाच हिसके देऊन उरलासुरला जीव जायचा. तेवढ्यात फोन वाजला. दोधूदादा.

"का रे, जेवाले उना नही? पुरनपोयी वाट दखी ऱ्हायनी."

"दादा, सर्व्हर बंद पडला. काल पोळ्याला विसावा दिला, आज उठत नाही."

दादा ज्या आवाजात बोलले तो आवाज अमृतनं दहा वर्षांचा असताना ऐकला होता, मोटारीचा फ्यूज चुकीचा घातला होता तेव्हा.

"इसावा? मोटार शे का नही त्यामा?"

"आहे. बारीक असते. तबकडी फिरवते."

"अरे येड्या, पोयाना इसावा बैलले देतस. मोटारले कोन देस? बरसातमा पानीनी गरज नही तरी मी इहीरनी मोटार आठ दिनमा एकदाव पाच मिनिट चालाडस का नही? कसाले चालाडस? जाम व्हवाले नको म्हनीसन! तू त्याले दिनभर निजाडं. म्हातारी मोटार निजनी का उठस का?"

बारा वर्षं अमृतनं ज्या गोष्टीचं कौतुक करून घेतलं होतं, तिला बापानं एका दमात येडेपणा म्हटलं होतं, आणि बाप बरोबर होता.

"गुनगुन करी ऱ्हायनी का?" दादांनी विचारलं.

"करतेय. पण फिरत नाही."

"मंग जित्ती शे. पंखा अडकना का काय करस तू? बोटवर ढकलस ना? तसा हिसका दे. आनि एकदाव फिरनी का बंद करू नको. काम व्हई तवपावत बंद करू नको." दादांनी एवढं सांगून फोन ठेवला आणि बहुतेक पुरणपोळी स्वतःच खाल्ली.

डिस्क उघडून आत बोट घालणं म्हणजे तिला मारणंच, तबकडीवर धुळीचा कणही खपत नाही. पण ती न उघडताही फिरवता येते. अमृतनं पवळ्या तळहातावर आडवा धरला, पोस्टातला शिक्का धरावा तसा घट्ट. शोभाबाईला वायरच्या बटणापाशी उभं केलं. "मी हां म्हणालो की दाब. आधी नाही, नंतर नाही."

"चहामा साखर टाकाले माले कोनी शिकाडं नही," शोभाबाई म्हणाली, "बटन दाबाले काय शिकाडतस?"

"हां!"

बटण दाबलं गेलं आणि त्याच क्षणी अमृतनं मनगट गर्रकन वळवलं, जात्याचा खुंटा फिरवावा तसं आडवं. गुणगुण. टक. गप्प. पुन्हा. गुणगुण, टक. तिसऱ्या वेळी गुणगुण चढली, चढतच गेली आणि एका सुरावर जाऊन ठरली. अमृतनं कान टेकवला. पाण्याचा आवाज ऐकावा तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं.

"पाणी वर येतंय," तो म्हणाला.

दिवलीबाईनं लेकीला विचारलं, तिच्या बोलीत, की हे काय म्हणतायत. ममतानं सांगितलं. दिवलीबाईनं मान डोलावली, जणू कॉम्प्युटरमधून पाणी येणं हीच रीत.

अमृतनं पवळ्याला हलकेच टेबलावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवलं आणि दुसऱ्या मशीनला जोडून त्यावरचं सगळं आणखी एका नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. त्याला हे काम कापसाच्या भाषेत समजलं होतं आणि ममतालाही त्यानं त्याच भाषेत सांगितलं. "पहिली वेचणी कशी करतो? जी बोंडं फुटलीयत ती घ्यायची, अडकलेल्या बोंडापाशी थांबायचं नाही, पुढं जायचं. दुसऱ्या वेचणीत मागं राहिलेली. आणि शेवटी फरदड, झाडाला उरलंसुरलं ते. हा प्रोग्राम तसाच चालतो. आधी सोपं ते, मग अवघड ते."

"आणि आजोबा कोणत्या वेचणीत असतील, सर?"

"ते बोंडालाच माहीत. पण व्हई जाई." शब्द परत आले होते. शोभाबाईनं सुटकेचा श्वास सोडला.

खरी भीती विजेची होती. वीज गेली तर पवळ्या थांबणार, आणि पुन्हा उठेल याची हमी दोधूदादाही देणार नव्हते. अमृतच्या टेबलाखालची बॅटरी वीस मिनिटांवर टिकत नसे. आणि चार वाजता वीज गेलीच. ऑगस्ट महिना, उकाडा असा की कागद चिकटतात. कचेरीत धड इन्व्हर्टर एकच, चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये. अमृत न विचारता आत शिरला, इन्व्हर्टरची वायर लांबवून आपल्या टेबलापर्यंत आणली, आणि पवळ्या तापलाय हे हाताला कळल्यावर साहेबांचा टेबलफॅनही उचलून आणला.

पाच वाजता चेअरमनसाहेब सभेसाठी आले. दहा मिनिटांत रुमाल भिजवून बाहेर आले.

"अमृत, माझा पंखा कुठंय?"

"पवळ्याला लावलाय, साहेब."

"कोण पवळ्या?"

"तुमचं पोस्ट ऑफिस."

साहेबांनी टॉवेलवर झोपलेल्या, पंख्याचा वारा खाणाऱ्या त्या काळ्या विटेकडे पाहिलं. मग बाकावर बसलेल्या ममताकडे पाहिलं, दिवलीबाईकडे पाहिलं, आणि शोभाबाईनं दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. त्यात कापसाचा उल्लेख नव्हता. साहेब म्हणाले, "सभा व्हरांड्यात घ्या." व्हरांड्यात वारा होता. सभासद खूश झाले आणि ठराव भराभर मंजूर झाले. पुढचीही सभा तिथंच घ्यावी, असंही कुणीतरी सुचवलं.

साडेसहाला वीज आली. पहिली वेचणी चाललीच होती. मायलेकी संस्थेच्या वसतिगृहात मुक्कामाला गेल्या, अमृत घरी गेला आणि पवळ्याची राखण शोभाबाईच्या नवऱ्यानं केली, तो संस्थेचा वॉचमनच आहे.

रविवारी सकाळी आठला सगळे परत हजर. पहिली वेचणी पुरी झाली होती. अमृतनं सोळा सालच्या पेट्या उघडल्या. चाळीसपैकी छत्तीस ईमेल मिळाले, चार अजून अडकलेले. ममतानं खुर्ची पुढे घेतली आणि एकेक पान उलटत गेली. बोरूनं लिहिलेली वळणदार नावं, जन्मतारखांच्या जागी बहुतेक सगळ्यांची एक जून. एकतिसाव्या ईमेलवर ती थांबली.

"हेच पान आहे, सर. या वरच्या कोपऱ्यातला शाईचा डाग, मला आठवतो."

पान अर्धंच उघडलं होतं. अनुक्रमांक चौदापर्यंत स्वच्छ दिसत होतं आणि त्याखाली सगळं राखाडी, पावसाळ्यात डोंगर झाकावा तसं.

"आजोबांचा नंबर?"

"सतरा."

अमृतनं दुसरी वेचणी लावली. ही हळू चालते, कारण आता सोपं काही उरलेलं नसतं. अडलेल्या जागी थांबायचं, पुन्हा वाचायचं, नाही जमलं तर उलट्या बाजूनं वाचत यायचं. पवळ्या मधूनच कण्हत होता. दहा वाजता पान पुन्हा उघडलं. पंधरा आला. सोळा आला. सोळाखाली सतराव्या ओळीचे नुसते वरचे शेंडे दिसत होते, अक्षरांच्या शिरोरेघा.

"आहेत," ममता म्हणाली. "आत आहेत."

"आहेतच ना. जायचेत कुठं?" अमृत म्हणाला. पण त्यानं पंखा एक बोट जवळ सरकवला. "आता फरदड."

शोभाबाईनं देवाला बोलावं तसं पवळ्याला सांगितलं, "ऱ्हाय रे बाबा, आते शेवटलं शे. मंग तुले कायमना इसावा."

साडेबाराला पवळ्याचा सूर उतरायला लागला. अमृतनं कान लावला आणि काढलाच नाही. पडद्यावर अडकलेल्या जागांचा आकडा एकेकानं कमी होत होता. नऊ. सात. सहा. आवाज खर्जात गेला, टक झालं, पुन्हा टक झालं. आकडा चारवर आला आणि पवळ्या थांबला. अमृतनं हिसका दिला नाही. आता काही उपयोग नव्हता हे त्याच्या कानाला कळलं होतं.

"बघू," तो म्हणाला, आणि पान उघडलं.

पानाचा तळाचा कोपरा राखाडीच राहिला होता. अनुक्रमांक बावीसनंतर काही नाही. पण सतरा होता. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ममतानं मोठ्यानं वाचलं. "सतरा. गुलाबसिंग. बापाचं नाव. जमात भिल्ल. गाव." मग तिनं बोट शेवटच्या रकान्यावर नेलं. "सोडल्याचं कारण, शेतकाम."

नाव कानावर पडताच दिवलीबाईनं चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली. सासऱ्याचं नाव निघालं, सासरा समोर आला, तर सून बसून कशी राहील? ती पडद्याकडे न बघता उभी राहिली, जशी चाळीस वर्षांपूर्वी अंगणात राहत असेल. शोभाबाईनंही, कुणी न सांगता, आपला पदर सारखा केला.

अमृतनं छापील प्रती काढल्या, पानाची आणि ईमेलचीही, कारण ईमेलवर तारीख होती. मग सुकराम सरांना फोन लावला. तो लागला, म्हणजे सर दगडावरच बसून होते.

"सर, गोदामातून माल निघाला."

"किती पानं?"

"तुमची सदतीस वाचली, सर. तीन गेली. मी कमी लेखलं होतं तुमच्या चाळीस पत्रांना."

"लेखलं होतंस, हे खरं," सुकराम सर म्हणाले. "मी उद्या पहाटेच्या बोटीनं निघतो. सही करायला माणूस लागेल."

सोमवारी सुनावणीत पडताळणी समितीच्या साहेबांनी प्रिंट हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "मूळ रजिस्टर कुठंय?"

सुकराम सरांनी पिशवीतून वाळवीनं खाल्लेला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "एवढं उरलंय."

"आणि हा फोटो?"

"वाळवीच्या आधीचा आहे. तारीख ईमेलवर आहे."

साहेबांनी तारीख पाहिली, प्रिंटवरचं नाव आणि ममताच्या अर्जातलं नाव जुळवलं, पुठ्ठ्याच्या पाठीवरचा शाळेचा अर्धा शिक्का पाहिला आणि पुरावा दाखल करून घेतला. महिन्याभरात ममताचं प्रमाणपत्र आलं. आता ती डोंगरातल्याच एका दवाखान्यात आहे. तिथून तिनं संस्थेच्या सर्व्हरवर एक ईमेल पाठवला, नर्सचा ड्रेस घातलेला फोटो जोडून. खाली एकच ओळ, 'जपून ठेवावे.'

अमृतनं तो तीन जागी ठेवला. बैल गेला आणि झोपा केला, असं शोभाबाई त्याला अजून चिडवते, पण कापसाचा विषय निघाला की तीच आधी चहा ठेवायला उठते. नव्या डिस्क दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या आहेत. भोंग्याला जाळीबाहेर काढून अमृतच्या टेबलावरच बसवलं आहे. ढवळ्या आणि पवळ्या कोठीत एका फळीवर आहेत, गोंड्यासकट. यंत्र टिकवायचा सल्ला अमृत अजूनही देतो, फक्त आता तो बरोबर उलटा आहे.

आणि सगळ्या पत्रांची, पहिल्यापासूनची, एक नक्कल कळसाडीला दोधूदादांच्या लोखंडी कपाटात आहे. ती द्यायला अमृत गेला तेव्हा दादांनी ती काळी वीट हातात तोलून पाहिली आणि विचारलं, "मोटार शे का यामा?"

"आहे, दादा."

तेव्हापासून दर आठ दिवसांनी दादा विहिरीची मोटार पाच मिनिटं चालवतात, घरी येऊन पाय धुतात आणि कपाट उघडतात. डिस्कची वायर भिंतीत खोचतात. तिच्यावर तळहात ठेवून घड्याळाकडे बघत पाच मिनिटं बसतात. मग वायर काढतात, डिस्क परत ठेवतात आणि अमृतला फोन करून सांगतात, "जित्ती शे."